खाणीवरची पस्तीस मिनिटं

७, मंगळवार

ठाण्याच्या डायरीत 'वाटलं' हा शब्द चालत नाही. एकतीस वर्षं मी 'आढळलं', 'दिसलं', 'निष्पन्न झालं' असंच लिहीत आलोय. आजचं मात्र 'वाटलं'शिवाय लिहिताच येत नाही. म्हणून मुलीच्या कपाटातली एक अर्धी कोरी वही काढून बसलोय. ती सासरी गेली, वह्या इथेच आहेत.

तर क्रमाने. संध्याकाळची गस्त. जीपवर बाजा होता. बाजा म्हणजे आमचा चालक शिपाई. तोंडाला उसंत नाही म्हणून सगळं ठाणं त्याला बाजा म्हणतं. सहा पस्तीसला खाणीच्या वळणावर थांबलो. दगडाची जुनी खाण आहे, आत पाणी साचलंय, त्यात लोक पोहायला उतरतात. रोज तिथे एक नजर टाकायची असा हुकूम आहे. मी उतरून कठड्यापर्यंत गेलो. बाजा जीपमध्येच बसला.

समोरच्या कड्याच्या वर एक उजेड उभा होता. दुसरा शब्द सुचत नाही. दुरून एखाद्या घराची दिवा लावलेली खिडकी दिसते तसा, लांबट, कोऱ्या चहाच्या रंगाचा. फक्त त्याच्याभोवती घर नव्हतं. आवाज नाही. खाली पाण्यात आकाश दिसत होतं, कडा दिसत होता, हा दिसत नव्हता. ते मी दोनदा पाहून घेतलं. मग तो कडेकडेने बारीक होत गेला आणि नाहीसा झाला.

पाच मिनिटं झाली असतील, फार तर सहा. जीपमध्ये बसलो तर घड्याळात सात दहा.

ठाण्यात आलो तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. खाणीच्या पुढे दोन किलोमीटरवर एक नर्सबाई स्कूटरवरून चरात पडल्या होत्या. पाय मोडलेला. एका ट्रकवाल्याने सहा चाळीसला फोन केला आणि तो पुढे निघून गेला. कंट्रोलने आम्हाला सहा वेळा पुकारलं. आमच्याकडून उत्तर नाही. शेवटी पलीकडच्या हद्दीतली जीप गेली, ती पोचली सात पंचवीसला.

मी काही बोलायच्या आत बाजा म्हणाला, "वायरलेस मेला होता साहेब. त्या उजेडानेच मारला."

येताना त्याला उजेडाचं सांगितलं होतं तेव्हा त्याने नुसतं 'हो का' केलं होतं. बहुतेक तोही हादरला असावा.

डायरीत तीन ओळी लिहिल्या. वेळ, ठिकाण, अनोळखी प्रकाशमान वस्तू. खाली सही.

८, बुधवार

सकाळी माझ्या टेबलावर कुणीतरी उलटी बशी ठेवली होती. तिच्यावर चिठ्ठी, 'मालकाने ओळख पटवून घेऊन जावी'. मीही हसलो. न हसून सांगतो कुणाला!

मोठ्या साहेबांनी बोलावलं. डायरीचं पान पुढे सरकवलं.

"हे काय आहे?"

"जे दिसलं ते आहे, सर."

"दोन वर्षं राहिलीत ना तुमची? नीट काढा की. कशाला शोभा करून घेताय? हे खोडा."

"ठाण्याच्या डायरीत खाडाखोड करता येत नाही, सर."

ते माझ्याकडे असे बघत राहिले की मला वाटलं, खुर्ची फेकून मारतात आता. पण नुसतं 'जा' म्हणाले.

बायकोला सांगितलं. ती कपडे घड्या करत होती. तिने हातातला शर्ट पुरता घडी केला आणि विचारलं, "त्या नर्सबाई कशा आहेत?" मी म्हटलं, ऑपरेशन झालंय. तिने दुसरा शर्ट उचलला. उजेडाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. बायकांना अशा गोष्टींची भीती वाटत असेल.

९, गुरुवार

बाजा माझ्या बाजूने ठामपणे उभा आहे. आज चहाच्या टपरीवर तो सांगत होता, "इंजिन आपोआप बंद पडलं. हातावरचे केस असे ताठ! निळा निळा उजेड, डोळे दिपले."

इंजिन मी उतरलो तेव्हा त्यानेच बंद केलं होतं, असं मला आठवतं. पण तेव्हाची माझी आठवण काय कामाची? पाच मिनिटांची पस्तीस झालेली मला कळली नाहीत, तर इंजिनाचं काय कळणार?

दुपारी एक बातमीदार आला. मी काही बोललो नाही. बाजा बोलला.

११, शनिवार

पेपरात आलं. 'उडत्या वस्तूने पोलिसांची यंत्रणा ठप्प'. मेहुण्याचा फोन: "भावोजी, पुढच्या वेळी आले की आमचा पत्ता द्या, इकडे कुणी पाहुणे येत नाहीत." त्याच्या बायकोचं हसणं मागे ऐकू येत होतं.

आणि आज नवल घडलं. मोठ्या साहेबांनी बोलावून चक्क बसायला सांगितलं. चहा मागवला. नर्सबाईंच्या भावाने वर तक्रार केलीय, की बहीण पाऊण तास चरात पडून राहिली, पोलीस कुठे होते? वरून चौकशी लागलीय.

साहेब म्हणाले, "मी परवा जरा तोडून बोललो. तुमच्यासारखा माणूस उगाच काही लिहिणार नाही. त्या वस्तूमुळे वायरलेस बंद पडला, हे आपण शास्त्रीय पद्धतीने मांडू. हवामान खात्यातून कुणीतरी बोलावलंय. असं काही घडलं तर त्याला ठाणं काय करणार?"

बाहेर पडताना माझे पाय हलके झाले होते. एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुणा साहेबाने माझ्यावर असा विश्वास ठेवला. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तक्रार आल्यावर ठेवला का?" मी म्हटलं, तू प्रत्येक गोष्टीत खोट काढतेस.

१४, मंगळवार

हवामान खात्याच्या बाई आल्या. पन्नाशीच्या, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला झोळी. मला वाटलं होतं, त्या हसतील. त्या हसल्या नाहीत, उलट तेच मला जड गेलं.

खाणीवर नेलं. त्यांनी मला त्याच जागी उभं केलं आणि म्हणाल्या, "हात सरळ करा. अंगठा वर. तो उजेड किती अंगठे रुंद होता?"

"एक. नाही, दीड."

"आणि उंच?"

"दोन. अडीच."

"घाई नको. कड्याच्या वर किती?"

सगळं मोजून त्यांनी होकायंत्र काढलं. मी उत्तरेकडे बोट दाखवलं होतं. त्या बराच वेळ वहीत रेघा मारत राहिल्या.

"आम्ही रोज साडेपाचला एक फुगा सोडतो. खूप उंच जातो. खाली संध्याकाळ झाली तरी वर त्याच्यावर ऊन पडत असतं, आणि तो चमकतो. त्या दिवशी वारा असा होता की फुगा तुमच्या पाठीमागे, दक्षिणेला असायला हवा."

"मी पाठीमागे बघितलंच नाही."

"तेच म्हणतेय. दिशा सांगताना तुमची चूक झाली असेल तर तो फुगा होता. चूक नसेल तर मला माहीत नाही." मग वही मिटता मिटता म्हणाल्या, "तसा फुगाही टिपक्याएवढाच दिसतो. दीड अंगठा नाही."

"त्या उजेडाने वायरलेस बंद पडू शकतो का?"

"वायरलेसबद्दल मला विचारू नका. तो माणूस वेगळा."

बाजा थोडा दूर जीपला टेकून उभा होता. बाईंनी त्याला बोलावलं. त्याने दाखवलेली दिशा पूर्व, म्हणजे गावाची. रंग निळा. आकार गोल, फिरता, खाली तीन दिवे.

बाईंनी दोघांचं वेगवेगळ्या पानांवर लिहून घेतलं. एकाच जागेवरून दोन माणसांना दोन गोष्टी दिसू शकतात का? जीपच्या काचेतून रंग बदलत असेल.

१५, बुधवार

वायरलेस दुरुस्तीवाला आला. अर्ध्या तासात जीपमधून बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "सेट ठणठणीत आहे साहेब. त्या दिवशीही होता. कंट्रोलच्या यंत्रावर नोंद आहे, सहाही हाका तुमच्या सेटपर्यंत पोचल्यात. आवाजाचं बटण शून्यावर असेल, दुसरं काही नाही."

मी दिवसभर जीपचं दार उघडून उतरून बघतोय. उतरताना माझा कोपर बटणाला लागतो का? लागत नाही. वाकून उतरलं तर लागतो. मी त्या दिवशी वाकून उतरलो होतो का? टोपी घेण्यासाठी? टोपी डोक्यावर होती की सीटवर?

साहेब म्हणाले, "दुरुस्तीवाल्याचं मनावर घेऊ नका. तो कंत्राटी माणूस आहे." जबाबाचा कच्चा मसुदा त्यांनीच तयार केलाय. 'सदर वस्तूच्या प्रभावाने संपर्क यंत्रणा निकामी झाली'. शुक्रवारी, चोवीसला चौकशीपुढे सही करायची.

१८, शनिवार

झोप नीट लागत नाही. त्या पाण्यात तो का दिसला नाही, यावर येऊन अडकतो. पाण्यात दिसला नाही म्हणजे तो नव्हताच का? मग मी पस्तीस मिनिटं काय बघत होतो? डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, चष्म्याचा नंबर वाढलाय, पण त्याने खिडक्या दिसत नाहीत. मग गंभीर होऊन विचारलं, "मधला काळ आठवत नाही, असं पूर्वी कधी झालंय?" मी नाही म्हटलं. त्यांनी डोक्याची तपासणी लिहून दिली. चिठ्ठी पाकिटात आहे.

बायको आज पहिल्यांदा त्या विषयावर बोलली. भाजी निवडता निवडता.

"बाजाने रंग कोणता सांगितला?"

"निळा."

"तुम्ही तर चहासारखा म्हणालात."

"काचेतून—"

"अहो, तो बघत होता की नव्हता, एवढं तरी विचारलंत का त्याला? एकतीस वर्षं चोरांना विचारता."

मी चिडलो. म्हटलं, माझ्या बाजूने बोलणारा तो एकटा आहे. ती म्हणाली, "म्हणूनच नाही विचारलंत."

२०, सोमवार

विचारलं.

बाजाला जीप धुवायला लावलं होतं, तिथे गेलो. बादलीशेजारी उकिडवा बसला होता. मी म्हटलं, "निळा कसा रे दिसला तुला?" तो सुरू झाला: निळा, गरगर फिरता, आता तर खालून धूरही निघाला. मी मधेच विचारलं, "मान वर केली होतीस का?"

बाजा गप्प झाला. या माणसाला गप्प झालेलं मी बारा वर्षांत पाहिलं नव्हतं. नळ वाहत होता, तो त्याने बंद केला.

"लेकीचा फोन होता साहेब. जावई दोन दिवस घरी आला नव्हता. रडत होती. वायरलेस खरखर करत होता, तिचं काही ऐकू येईना. बटण फिरवलं. म्हटलं, दोनच मिनिटं. मग ती बोलतच राहिली. बटण राहून गेलं."

"आणि उजेड?"

"मी मान वर केलीच नाही."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी विचारलं, "मग इतकं सगळं का सांगत फिरलास?"

"तुम्ही म्हणालात उजेड दिसला. साहेब कधी खोटं बोलत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी म्हटलं, उजेड खरा असेल तर तोच सगळं निस्तरेल." मग खाली बघत म्हणाला, "फोन झाल्यावर मी तुम्हाला हाका मारल्या. दोनदा. तुम्ही खांबासारखे उभे. म्हटलं, काहीतरी महत्त्वाचं बघताय."

"किती वेळ उभा होतो?"

"सगळा वेळ."

म्हणजे वायरलेस त्याने बंद केला, पण चालू असता तरी मी कठड्यावरच असतो. मला त्याच्या दोन हाका ऐकू आल्या नाहीत.

त्याने माझे पाय धरायला हात पुढे केले. मी मागे सरलो. म्हटलं, "मी तुझं नाव घेणार नाही आणि तुला वाचवणारही नाही. तुझा जबाब तू लिही." हे बरोबर की चूक, ठाऊक नाही. साहेबांच्या मसुद्याचा कागद ड्रॉवरमध्ये उलटा करून ठेवलाय.

२१, मंगळवार

दुपारी हॉस्पिटलात गेलो. साध्या कपड्यात. दारातूनच परत फिरावं असं दोनदा वाटलं.

नर्सबाई पस्तिशीच्या असतील. पाय वर टांगलेला, आत सळई घातलीय. चालायला लागतील, पण लंगडं राहील असं म्हणतात. वॉर्डातल्या नर्सेस त्यांना ओळखतात, येता जाता थट्टा करतात, "आता कळलं का, बेडपॅन वेळेवर का लागतं ते!" त्याही हसत होत्या. मी ओळख सांगितली तशी हसणं थांबलं.

"बसा," म्हणाल्या. "भाऊ तुमच्यावर फार चिडलाय. मी त्याला सांगत होते, पोलीस आले होते, उशीर झाला पण शोधत होते."

मला काही समजेना. म्हटलं, "कोण शोधत होतं, ताई?"

"तुम्ही लोक. मी उताणी पडले होते. फोन कुठे उडाला कळेना. पाय बघायची हिंमत नव्हती. एवढंच माहीत होतं की झोपायचं नाही, आम्हीच सांगतो ना पेशंटला. आणि मग तुमचा दिवा दिसला. खाणीच्या बाजूला, वर. कुणीतरी दार उघडं ठेवलंय आणि आतून उजेड येतोय, असा. म्हटलं, हेलिकॉप्टर आणलंय बहुतेक माझ्यासाठी. आवाज येत नव्हता, पण कानच बधिर झाले असतील असं वाटलं. मी त्याच्याकडे बघत राहिले. तो होता म्हणून डोळे मिटले नाहीत."

मला विचारायचं होतं: किती लांबट? रंग कोणता? कोणत्या दिशेला? हात सरळ करून अंगठा वर करा. दोन आठवडे मी असा एक माणूस शोधत होतो, आणि तो इथे पाय टांगून पडला होता.

त्या म्हणाल्या, "त्या दिव्यात कोण होतं? भेटायचंय मला. आभार मानायचेत."

मी म्हटलं, "आम्ही नव्हतो, ताई. तो काय होता, मला माहीत नाही. मी तिथून दोन किलोमीटरवर उभा राहून तेच बघत होतो."

त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. चेहरा असा सावकाश बदलताना मी पूर्वी पाहिलाय, मृत्यूची बातमी द्यायला जातो त्या घरांत.

"म्हणजे तुम्हीही नुसतं बघतच होतात," त्या म्हणाल्या.

"हो."

"किती वेळ?"

"पस्तीस मिनिटं."

त्या म्हणाल्या, "ती उशी जरा वर घ्या." मी घेतली. "अजून. हां." मग डोळे मिटून घेतले. मी पाच मिनिटं थांबलो. नक्की पाच, घड्याळात बघितलं. मग निघालो.

२४, शुक्रवार

चौकशी झाली. लांब टेबल, पलीकडे तीन अधिकारी, कडेला हवामानाच्या बाई, दाराशी आमचे मोठे साहेब. मी साहेबांचा मसुदा दिला नाही. माझा दिला, हाताने लिहिलेला. सहा पस्तीसला जीपमधून उतरलो. उजेड दिसला, तो काय होता हे सांगता येत नाही. वायरलेस निकामी झाला नव्हता, आवाज बंद होता. जीपचा प्रमुख मी होतो. सात दहापर्यंत मी जागेवरून हललो नाही, आणि त्याचं कारण माझ्याकडे नाही. डोक्याच्या तपासणीची चिठ्ठी सोबत जोडली आहे.

दाराशी साहेब खोकले. मी तिकडे पाहिलं नाही.

माझ्याआधी बाजा आत जाऊन आला होता. बाहेर बाकावर मान खाली घालून बसला होता. काय लिहिलं, मी विचारलं नाही. मधल्या अधिकाऱ्याने मला विचारलं, "तुमच्या चालकाने बटण स्वतः फिरवल्याचं कबूल केलंय. तुम्हाला माहीत होतं?" मी सांगितलं, सोमवारपासून. त्यांनी ते लिहून घेतलं.

मग बाईंनी वही उघडली.

"एकच प्रश्न. चालकाचा जबाब आता मी धरत नाही. म्हणजे राहिलात तुम्ही एकटे. एका माणसाने पाहिलेलं मला कुठल्याच रकान्यात घालता येत नाही. दुसऱ्या जागेवरून कुणी पाहिलं असतं तर दोन्ही दिशा जोडून तो कुठे होता ते काढता आलं असतं. आणखी कुणी पाहिलंय का?"

त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. पेन कागदावर टेकवून त्या थांबल्या होत्या. मी फक्त एक नाव सांगायचं होतं. बाई उद्या जाऊन त्या पलंगाशी उभ्या राहिल्या असत्या, हात सरळ करायला लावला असता, अंगठा वर. मी वेडा नाही हे सिद्ध झालं असतं. आणि चरातली ती पाऊण तासाची वेळ माझ्या पुराव्याच्या कामी आली असती.

"नाही," मी म्हटलं. "आणखी कुणी नाही."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. त्यांच्या तोंडावर निराशा होती, आणि मला वाटतं थोडी दयाही.

साहेब जाताना माझ्याशी बोलले नाहीत. एक तारखेपासून मी मुद्देमालाच्या खोलीवर. बाजा तूर्त घरी.

बायकोने दार उघडलं आणि माझ्या तोंडाकडे बघून काही न विचारता पाणी आणलं. मग म्हणाली, "सगळं खरं सांगितलंत ना?"

"एक सोडून."

तिने रिकामा पेला हातातून घेतला. मीच पुढे म्हटलं, "रविवारी हॉस्पिटलात येशील का माझ्याबरोबर? मी एकटा गेलो तर त्यांना नको वाटेल."

ती म्हणाली, "त्यांना नको वाटलं तर बाहेर बसू."